पंधरा पावलांचा रनअप, पाच पावलांचीच फेक: एका भालाफेकपटूचं प्रकरण

खेळाडू १६ वर्षांचा, अकरावीतला, राहायला लालबागला. उंची १७८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, उजव्या हाताचा. आधी क्रिकेटमध्ये मध्यमगती गोलंदाज. सीमारेषेवरून त्याचा थ्रो थेट यष्टिरक्षकाच्या हातात यायचा, म्हणून कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्याच्या हातात भाला दिला. मुंबईत भालाफेकीकडे वळणारी बरीच मुलं याच वाटेने येतात. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटरवर सुवर्णपदक घेतल्यापासून तर घरच्यांनाही भाला म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

एक खुलासा आधीच करायला हवा. ही एका विशिष्ट मुलाची नोंदवही नाही. मैदानावर नेहमी हातात हात घालून येणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय एका खेळाडूच्या रूपात मांडले आहेत. त्याची मापं नमुन्याची समजावीत. नियम आणि तंत्राचे आकडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

तक्रारी तीन होत्या. अंतर ३८ मीटरच्या आसपास अडकलेलं. वीसपंचवीस फेकी झाल्या की कोपराची आतली, म्हणजे करंगळीकडची बाजू दुखायची. आणि भाला सेक्टरच्या, म्हणजे तो पडायला हवा त्या आखलेल्या पट्ट्याच्या, उजव्या रेषेकडे सरकत जायचा, कधी पोटावर आडवा पडायचा, कधी शेपटी आधी टेकायची. टोक आधी टेकलं नाही तर ती फेक बाद, त्यामुळे सहातल्या दोनतीन फेकी अशाच वाया जायच्या.

मैदानावर ज्याने त्याने निदान केलं ते एकच: "कोपर पडतोय, वर ठेव. आणि जिम लाव." कोपर पडत होता हे खरं. पण तो का पडतो, हे कोणी बघितलं नव्हतं.

आधी सामान

तंत्राला हात लावण्याआधी भाला तपासला. कॉलेजच्या किटमध्ये होता तो ८०० ग्रॅमचा, दांड्यावर ८० मीटरचा शिक्का असलेला, म्हणजे चांगला कडक. १८ वर्षांखालच्या मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा, लांबी २.३० ते २.४० मीटर. पुरुषांचा ८०० ग्रॅमचा, २.६० ते २.७० मीटर. स्पर्धा एका भाल्यावर आणि रोजचा सराव दुसऱ्यावर, असा प्रकार चालला होता.

वजनाइतकाच कडकपणाचाही प्रश्न असतो. दांड्यावरचं ५०, ६०, ७०, ८० मीटर हे त्या भाल्याचं लायकीपत्र, म्हणजे तो किती लांब फेकणाऱ्यासाठी आहे ते. ८० मीटरवाला भाला वेगाने आणि नेमका दांड्याच्या रेषेत फेकला तरच नीट उडतो. चाळीस मीटर फेकणाऱ्याच्या हातात तो रेषेतली प्रत्येक चूक कोपराला परत करतो. 'महागडा म्हणजे चांगला' या समजुतीपायी शाळा-कॉलेजांत हेच भाले घेतले जातात. इथे ५० मीटरवाला ७०० ग्रॅमचा भाला आणल्यावर पहिल्याच दिवशी आडव्या पडणाऱ्या फेकी कमी झाल्या. तंत्र होतं तेच होतं.

पकडही बघितली. तर्जनी आणि अंगठा भाल्यावर गुंडाळलेल्या दोरीच्या मागे, ही पकड मुळात ठीक आहे. पण याची बोटं सरकून दोरीच्या मधोमध आली होती. बोट दोरीच्या मागच्या कडेला अडकलं पाहिजे, नाहीतर जोर लावताना हात दोरीवरून घसरतो. भाला तळहातात तिरका, अंगठ्याच्या बुडापासून करंगळीकडे उतरता बसतो आणि तळहात आकाशाकडे राहतो. याची मूठ गच्च आवळलेली, तळहात आतल्या बाजूला वळलेला. तळहात असा वळला की भाल्याचं टोक बाहेर, उजवीकडे उघडतं. टोक एकीकडे आणि हाताचा वेग दुसरीकडे असला की हवा दांड्याच्या कुशीवर आदळते आणि भाला टोकाच्या बाजूला ढकलला जातो. उजव्या रेषेचं कोडं अर्धं इथेच सुटलं.

पाच तऱ्हेच्या फेकी

अंतर कुठे अडलंय हे शोधायची स्वस्तातली चाचणी म्हणजे रनअप तोडून तोडून मोजणं. नवा भाला, सकाळी साडेसहा, वारा नाही, प्रत्येक प्रकारच्या तीन फेकी आणि त्यातली उत्तम:

उभ्याने ३१.२ मीटर
३ पावलं ३५.०
५ पावलं ३८.४
९ पावलं ३८.६
पूर्ण १५ पावलं ३७.८

सगळं प्रकरण या पाच आकड्यांत आहे. पाचव्या पावलानंतर जो वेग त्याने कमावला, त्यातला एक मीटरही भाल्यापर्यंत पोचला नाही. पूर्ण धावून उलट सहा डेसिमीटर गेले. उभी फेक ३१ मीटर, म्हणजे हात आणि धड वयाच्या मानाने चांगलं. हात कमजोर असता तर उभी फेकच तोकडी आली असती. जिम लावून उभी फेक दोन मीटरनी वाढली असती आणि रनअपची गळती तशीच राहिली असती.

वेळही सांगून ठेवली, त्याला कारण आहे. मरीन लाइन्सच्या बाजूच्या मैदानांवर दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो. सकाळची आणि संध्याकाळची फेक एका तक्त्यात घातली तर सुधारणा खेळाडूची की वाऱ्याची, ते कळत नाही. मोजणी नेहमी एकाच वेळेला करावी.

मोबाईलमध्ये काय दिसलं

महागडा कॅमेरा लागत नाही. फोन स्टँडवर, कमरेच्या उंचीवर, रनवेपासून १० ते १२ मीटर दूर, खेळाडूच्या उजव्या हाताला, शेवटच्या दोन पावलांच्या बरोबर समोर. स्लो-मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर. साध्या ३० फ्रेममध्ये भाला सुटण्याचा क्षण दोन चित्रांच्या मधेच हरवतो. २४० ला एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, एवढी बारीक मोजणी पुरते.

पहिली नोंद पायांची. शेवटच्या क्रॉस स्टेपनंतर, म्हणजे अंग बाजूला वळवून पायावर पाय ओलांडत टाकलेल्या पावलानंतर, उजवा पाय टेकतो, मग डावा. या दोन टेकण्यांमध्ये ७० फ्रेम गेल्या, म्हणजे ०.२९ सेकंद. जागतिक दर्जाच्या खेळाडूंमध्ये हे अंतर ०.२ सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. कारणही पडद्यावर दिसत होतं: उजवा पाय टेकला तेव्हा डावा अजून त्याच्या मागे होता. तो तिथून निघून, उजव्याला ओलांडून, पुढे जाऊन टेकायचा. तेवढ्या वेळात कंबर पुढे निघून गेलेली आणि मागे झुकलेलं धड सरळ उभं राहिलेलं.

दुसरी नोंद डाव्या गुडघ्याची. डावा पाय टेकताना गुडघ्याचा कोन १५० अंश आणि भाला सुटेपर्यंत तो १२५ पर्यंत दुमडलेला. पाय अडवत नव्हता, खाली बसत होता. मोबाईलवरच्या कोन मोजायच्या ॲपमध्ये चारपाच अंश इकडेतिकडे होतात, पण २५ अंशांची घसरण मापाची चूक नसते.

तिसरी, क्रॉस स्टेप उंच. त्याच्या समजुतीने ती उडी होती, आणि उडी जितकी उंच तितका उजवा पाय जोरात आपटणार, गुडघा तिथेच वाकणार, वेग तिथेच मरणार. शेवटची क्रॉस स्टेप लांब असते, पण डोकं वरखाली होता कामा नये.

चौथी नोंद मागच्या बाजूला धरलेल्या दुसऱ्या फोनवर मिळाली, आणि खरं तर तिच्याशिवाय प्रकरण उलगडलंच नसतं. भाला सोडताना डावं पाऊल रनवेच्या टोकाच्या कमानीच्या रेषेपासून जेमतेम ८० सेंटिमीटरवर होतं. फेकल्यावर अंग थांबवायला या वेगात १.८ ते २ मीटर लागतात. रेषेला पाय लागला की फाउल, हे ठाऊक असल्यामुळे शरीर शेवटच्या चार पावलांत आपोआप ब्रेक मारत होतं. खेळाडूला याची कल्पनाच नव्हती. त्याला वाटायचं आपण पूर्ण जोरात धावतोय. सुरुवातीची खूण त्याने शेवटची कधी मोजली होती? मोजलीच नव्हती. "अंदाजाने उभा राहतो, सर." पंधरा पावलांची सुरुवात रनवेच्या मागच्या गवतातून व्हायची, पावसाळ्याच्या तोंडावर ते ओलं, आणि तिथे एकदोन पावलं आखूड पडली की पुढचं सगळं गणित सरकायचं.

कोपर का पडतो

उजवा पाय कंबरेला पुढे ढकलतो. डावा पाय टाच टेकवून, जवळजवळ सरळ राहून तिला अडवतो. कंबरेची डावी बाजू थांबली की उजवी बाजू तिच्याभोवती फिरून पुढे येते. कंबर थांबते तेव्हा धड वेग घेतं, धड थांबतं तेव्हा खांदा, मग कोपर, शेवटी हात. प्रत्येक भाग थांबला की आधीच्याचा वेग पुढच्याला मिळतो. हात या साखळीचं शेवटचं टोक आहे, तो ओढला जायला हवा.

डावा पाय उशिरा आला आणि शिवाय दुमडला, तर कंबर थांबतच नाही. खांदे आधीच समोर वळलेले असतात. मग भाल्याला वेग द्यायला उरतो एकटा हात, आणि एकटा हात सवयीचं काम करतो. याची सवय क्रिकेटची. सीमारेषेवरचा थ्रो बऱ्याचदा खांद्याखालून, कोपर खाली ठेवून, बाजूने झटका देऊन केला जातो, आणि १५६ ते १६३ ग्रॅमच्या चेंडूला ते चालून जातं. भाला त्याच्या चौपटीहून जड आणि दोन मीटरहून लांब. तोच झटका इथे दिला की कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. दुखणं नेमकं तिथेच होतं.

त्यामुळे "कोपर वर ठेव" ही सूचना निरुपयोगी ठरली होती. शेवटच्या दशांश सेकंदात कोपर कोणी जाणूनबुजून वर ठेवू शकत नाही. फार तर खेळाडू खांदा कानाला लावून अंग आखडतो, आणि या मुलाने तेच सुरू केलं होतं.

एक हिशेब त्याला वहीवर मांडून दाखवला, कारण अकरावीच्या भौतिकशास्त्रातला हा पाठ तो तेव्हा शिकतच होता. साधारण ३५ अंशांच्या कोनात भाला सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला तर तो चाळीस मीटरच्या आसपास पडतो. वेग सेकंदाला एक मीटरने वाढला तर सुमारे चार मीटर मिळतात. शेवटच्या पावलांत त्याचं सगळं अंग सेकंदाला पाच मीटरच्या वर वेगाने पुढे जात होतं. त्यातला थोडा भाग जरी भाल्यापर्यंत गेला, तरी जिममधल्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त.

दुखणं

आधी क्रीडा फिजिओथेरपिस्टकडे तपासणी, मग कामाची आखणी, हा क्रम सोडायचा नाही. करंगळी-अनामिकेत मुंग्या, पकड सैल पडणं, रात्री ठणका, फेकताना 'टक' असा आवाज, यांपैकी काही असतं तर थेट अस्थिरोगतज्ज्ञ. २०१९ मध्ये नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, तीही मुंबईतच. या खेळात कोपर ही गमतीची गोष्ट नाही. आपल्या खेळाडूला यातलं काहीच नव्हतं, फक्त ताण. चार आठवडे धावून फेक बंद, आणि नियम असा: दहापैकी तीनच्या वर दुखलं की त्या दिवसापुरतं फेकणं संपलं.

वाढत्या वयात कमरेकडेही लक्ष लागतं. मागे कमान करताना कमरेच्या एकाच बाजूला खोलवर दुखत असेल तर मणक्याला ताणाची चीर असू शकते. 'बाम लावून फेक' हा सल्ला तिथे महागात पडतो.

पावसाळ्यातलं काम

जून लागला. मैदान ओलं, रनवेचं बुकिंग मिळेल तेव्हा मिळेल. भाला न फेकता पाय दुरुस्त करायचे असतील तर याहून चांगला मोसम नाही. बहुतेक काम इमारतीखालच्या पार्किंगमध्ये झालं. भिंतीवर मेडिसिन बॉल आपटायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढावी लागली, आणि सकाळी सातच्या आत एकही चेंडू नाही या अटीवर ती मिळाली.

पहिलं काम, डावा पाय आधी पोचवणं. शेवटची क्रॉस स्टेप हवेत असतानाच डाव्या गुडघ्याने उजव्याला ओलांडलेलं असलं पाहिजे, म्हणजे उजवा टेकतो तेव्हा डावा पुढे तयार असतो. सूचना एकच ठेवली: "डाव्याने उजव्याची वाट बघायची नाही." चालत, भाल्याऐवजी हातात झाडूचा दांडा, २० मीटरच्या सहा फेऱ्या. मग हलक्या धावेत सहा. आवाजावर लक्ष: आधी 'टाक… टक' ऐकू यायचं, ते 'टाकटक' व्हायला हवं. पार्किंगच्या लादीवर हा आवाज छान घुमतो. मैदानाच्या मातीत तो ऐकूच येत नाही.

दुसरं, अडवण्याची ताकद. ३० सेंटिमीटरच्या पेटीवरून डाव्या पायावर उतरायचं, गुडघा किंचित वाकलेल्या जागी तीन सेकंद गोठवायचा, ५ वेळा, तीन फेऱ्या. त्यानंतर दोन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी डोक्यावरून, तीन पावलं घेऊन भिंतीवर: ८ वेळा, तीन फेऱ्या. चेंडू सुटेपर्यंत डावा पाय सरळ, सुटल्यावरच अंग त्याच्यावरून पुढे. पाय दुमडला की ती फेक मोजायची नाही.

ताकदीच्या बाकीच्या कामात बेंच प्रेस जाणूनबुजून वगळला. रोमानियन डेडलिफ्ट, एका पायाचं स्क्वॉट, १० किलोचं पुलओव्हर आणि खांद्यासाठी रबर बँड, आठवड्यातून दोनदा. सोळाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

तिसऱ्या आठवड्यापासून, पाऊस उघडेल तेव्हा, उभ्याने हलक्या फेकी. समोर १२ मीटरवर गवतात टॉवेल पसरायचा आणि भाला त्यात खुपसायचा. अंतर मोजायचं नाही. हात पूर्ण मागे, खांद्याच्या उंचीवर, टोक भुवईच्या रेषेत, दांडा गालाजवळ. जोर टोकातून आरपार गेला पाहिजे. भाला टॉवेलमध्ये थरथरत उभा राहिला तर जोर तिरका गेला, शांत रुतला तर रेषा बरोबर. ओल्या हवेत पकड निसटते, म्हणून खडूची पूड आणि कोरडा फडका कमरेला. दोरी प्रत्येक फेकीनंतर पुसायची.

फेकींचा हिशेब वहीत. आठवड्याला उभ्याच्या २०-२५, तीन-पाच पावलांच्या १५-२०, पूर्ण जोराच्या सहाहून जास्त नाहीत, आणि दोन फेकसत्रांमध्ये किमान ४८ तास. मुलं मोजत नाहीत तेव्हा सहज साठ-सत्तर फेकी होतात. कोपर दुखल्याचं मूळ निम्म्या वेळा तिथेच सापडतं.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण मुंबईत मैदान एकट्याचं कधीच नसतं. शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी भाला बाहेर काढायचाच नाही, तिथे फक्त चेंडू आणि पायांचं काम. मैदान बंदिस्त असलं तरी क्रिकेटचा चेंडू आणायला कोणीतरी सेक्टरमध्ये शिरतंच, म्हणून फेकीआधी मोठ्याने हाक द्यायची. भाले सगळ्यांनी एकदम, शिट्टी झाल्यावर, चालत जाऊन आणायचे, आणि ज्या कोनात रुतला त्याच कोनात मागे ओढून काढायचे. लोकलमध्ये मालडबा, टोकाला रबरी टोपी, सगळा भाला पीव्हीसी पाइपमध्ये.

सहाव्या आठवड्यात उलटं झालं

पाच पावलांच्या फेकी सुरू झाल्या आणि अंतर घसरलं. ३८ वरून ३६. भाला आता उंच जाऊन हवेत थबकायचा आणि शेपटीवर पडायचा. शिवाय डावी टाच दुखायला लागली, जांघेत ओढ लागली.

पाय अडवायचा म्हटल्यावर मुलाने तो लांब टाकून आपटायला सुरुवात केली होती. उजव्या-डाव्या पावलांमध्ये १.७० मीटर अंतर, त्याच्या उंचीला ते फार. धड मागेच अडकून पडलेलं आणि भाला अंग वर येण्याआधीच सुटलेला, अर्थात टोक आकाशाकडे. भाला जातो त्या दिशेपेक्षा टोक बरंच वर असलं तर हवा दांड्याच्या पोटावर लागते आणि वेग खाते. पुरुषांच्या आजच्या भाल्यात तर हे अजिबात खपत नाही. उवे हॉनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर फेकल्यावर मैदानं अपुरी पडण्याची वेळ आली होती आणि आडव्या पडणाऱ्या फेकींवरून वादही होत होते. म्हणून १९८६ पासून भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे नेला, जेणेकरून टोक लवकर खाली यावं. पूर्वीसारखा तरंगत अंतर खाणारा भाला आता मिळत नाही.

दुरुस्ती जमिनीवर खूण करून केली. उजव्या पावलाच्या पुढे १.३५ मीटरवर पट्टी, आणि तीही उजव्याच्या सरळ रेषेत न ठेवता २५ सेंटिमीटर डावीकडे. पाऊल त्याच रेषेत टाकलं तर कंबरेला फिरायला जागा उरत नाही आणि खेळाडू डावीकडे कलंडतो. टाच टेकताच तळवाही लगेच टेकला पाहिजे. 'आपट' हा शब्द बंद केला, 'ठेव' म्हणायला लागलो. याला दोन आठवडे गेले. घाई केली असती तर जांघेचा स्नायू गेला असता आणि मोसमही.

रनअप नव्याने मोजला

पंधरा पावलं काढून टाकली. ११ घेतली: सहा धावायची, पाच क्रॉसची. मुलाला हे पटायला जड गेलं, कारण मोठे खेळाडू लांबून धावत येतात. पण रनअपची लांबी ठरते ती शेवटी किती वेग अडवता येतो त्यावरून. जो वेग डाव्या पायाला पेलत नाही, तो कोपराला पेलावा लागतो.

खूण काढायची रीत अशी. कमानीकडून उलट सुरुवात करायची. रेषेपासून दोन मीटर मागे डावं पाऊल पडलं पाहिजे, तिथून मागे तोंड करून भाल्यासह ११ पावलं धावायची. सहकारी शेवटचं पाऊल बघतो, पाच वेळा. पाचांची मधली जागा हीच सुरुवातीची खूण. या मुलाची १८.४० मीटरवर आली. दुसरी खूण, भाला मागे न्यायला सुरुवात होते त्या डाव्या पावलाची. स्पर्धेत रनवेच्या बाजूला दोन खुणा ठेवता येतात, रनवेवर नाही. टेप लावून मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. ओल्या सिंथेटिकवर, वारा तोंडावर असताना, थकल्यावर पावलं आखूड पडतात, म्हणून स्पर्धेच्या दिवशी सरावफेकीत ३० सेंटिमीटर पुढेमागे करायची तयारी ठेवायची.

आणखी एक फायदा आपोआप झाला. अकरा पावलांत सगळी धाव सिंथेटिकवर मावली, मागचं गवत सुटलं.

बाराव्या आठवड्याची मोजणी

तीच वेळ, तोच भाला, वारा नाही.

उभ्याने ३२.४ मीटर
३ पावलं ३७.६
५ पावलं ४१.८
११ पावलं ४५.३

उभी फेक सव्वा मीटरच वाढली. रनअपने आधी ६.६ मीटर मिळायचे, ते १२.९ झाले. दोन पावलांमधलं अंतर ५३ फ्रेम, म्हणजे ०.२२ सेकंद. डावा गुडघा १६६ अंशांवर टेकून १५५ पर्यंत वाकतो, त्याच्या खाली जात नाही. कोपराबद्दल या बारा आठवड्यांत शेवटी शेवटी कोणी चकार शब्द काढला नव्हता, तरी मागून घेतलेल्या चित्रणात तो खांद्याच्या रेषेच्या वर येतो. तीस फेकींनंतरही दुखत नाही.

राहिलेलं काम कमी नाही. डावा हात अजून लवकर सुटा पडतो. तो छातीशी आवळला गेला पाहिजे, नाहीतर डावा खांदा बाहेर पळतो आणि कंबरेने अडवलेला वेग तिथून निसटतो. थकवा आला की चौथ्या-पाचव्या फेकीपासून क्रॉस स्टेप पुन्हा उंच व्हायला लागते. स्पर्धेत प्रत्येक फेकीसाठी एक मिनिट मिळतं, ते पुरेसं असतं, पण घाबरून तो वीस सेकंदांत धावत सुटतो. यावर सरावातच घड्याळ लावून काम सुरू आहे.

१८ वर्षांखालच्या गटातून बाहेर पडला की ८०० ग्रॅमचा भाला येईल आणि अंतर काही मीटरनी खाली येईल, हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्या वेळी कॉलेजच्या कपाटातला तो ८० मीटरवाला भाला पुन्हा बाहेर येईल. तो तिथेच ठेवायचा. ६० मीटरवाला घ्यायचा, पहिले दोन महिने आठवड्यातलं एकच फेकसत्र ८०० वर, बाकी ७०० वर, आणि तेही पाच पावलांतूनच. अकरा पावलं पुन्हा कधी, हे दोन पावलांमधल्या फ्रेम मोजून ठरेल. ५५ च्या वर गेल्या तर थांबायचं.